काटा कुठवर आलाय?

मी एक जुनी पितळी तबकडी आहे, मित्रांनो. मोठ्या थाळीएवढी, कडेला दोन पोचे आलेली, मधोमध एकच काळा काटा असलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी घड्याळ वाटते. तो जवळ येतो, दुसरा काटा शोधतो आणि 'बंद पडलंय वाटतं' म्हणून निघून जातो. मला घड्याळ म्हटलेलं मुळीच खपत नाही. घड्याळाला वेळ ठाऊक असते, ते ती सांगतं आणि मोकळं होतं. माझा सगळा जन्म गेला तो नक्की ठाऊक नसलेल्या गोष्टींत.

माझी सुरुवात झाली एका जहाजाच्या पोटात. बॉयलरमधला वाफेचा दाब दाखवणारं गेज होते मी. तिथे धूर होता, उकाडा होता, कानठळ्या बसवणारा आवाज होता, पण मान मोठा होता. माझा काटा वर चढला की भलेभले हातातलं काम टाकून धावायचे. मग ते जहाज भंगारात निघालं आणि माझी रवानगी बंदरावरच्या लोखंडाच्या ढिगात झाली. तिथून मला उचललं ते मिस्त्रीने. मिस्त्री म्हणजे दुसऱ्या एका मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करणारा माणूस. बंदरावर त्याला सगळे याच नावाने हाक मारायचे, म्हणून मीही तेच म्हणते.

मिस्त्रीची बायको बंदराजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. मुलं तिला बाई म्हणत. मिस्त्री मला घेऊन घरी आला, त्या संध्याकाळी बाई वैतागून बसल्या होत्या.

"पोरांना सगळं 'कॅन'मध्येच उरकायचं असतं," त्या त्याला सांगत होत्या. "बस येईल का? कॅन. सर आत असतील का? कॅन. अरे, 'कॅन' म्हणजे एरवी असं होऊ शकतं. पण आत्ता, या घडीला, किती शक्यता आहे? ते 'कॅन' कुठे सांगतं? त्याला वेगळे शब्द आहेत, आणि त्यांच्यात कमीजास्त आहे. ते काही केल्या यांच्या डोक्यात शिरत नाही."

"मग दाबासारखं दाखव की," मिस्त्री म्हणाला. "किती भरलंय, किती नाही."

आणि तो लगेच कामाला लागला. माझ्या पोटातली नळी, दातेरी चाकं, सगळं त्याने बाहेर काढलं. जुन्या आकड्यांवर पांढरा रंग दिला. काटा तेवढा ठेवला, पण तो जिथे ठेवू तिथेच थांबायला हवा होता. म्हणून काट्याच्या मागे, स्क्रूच्या खाली, चामड्याचा वायसर घालायचं ठरलं. चामडं दिलं त्याच्या आईने. बाईंच्या या सासूबाई बंदरावर ताडपत्र्या आणि पिशव्या शिवायच्या. त्यांनी आपल्या जुन्या पिशवीचा पट्टा पुढे ओढला, आरीने भोक पाडलं आणि सुरीने गोल चकती कापून दिली.

"एवढ्याशा चकतीसाठी माझा चांगला पट्टा गेला," असं त्या बराच वेळ कुरकुरत होत्या. पण भिंतीवर मला टांगल्यावर पहिल्यांदा काटा फिरवून पाहिला तो त्यांनीच.

शब्द बाईंनी लिहिले, निळ्या रंगात, वळणदार अक्षरांत. अगदी खाली डाव्या हाताला, काटा अडावा म्हणून खिळा ठोकला होता तिथे, 'कान्ट': असणं शक्यच नाही. त्याच्या वर 'माइट', आणि त्याला खेटून 'कुड': असेलही कदाचित. मग 'मे': असू शकेल. बरंच वर 'मस्ट': असणारच, सगळ्या खुणा तेच सांगतायत. आणि सरळ वर, टोकाला, 'इज': आहे. उजवी बाजू कोरीच राहिली. तिथे काय लिहायचं असं बाईंनी विचारलं, तर मिस्त्री म्हणाला, "आहे म्हटल्यावर पुढे बोलायचं काय उरतं?"

माझे शाळेतले दिवस फार सुखाचे गेले. बाई मला फळ्याशेजारी टांगायच्या आणि एकेकाला पुढे बोलवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "हेडसर त्यांच्या खोलीत आहेत का?" चष्मेवाली एक मुलगी उठली आणि तिने काटा थेट 'इज'वर नेऊन ठेवला.

"तू पाहिलंस त्यांना?"

"नाही बाई. पण मला वाटतं."

"मनाला काय वाटतं ते नको. पुरावा काय आहे? पुरावा जेवढा, काटा तेवढाच वर."

मुलगी दारातून डोकावून आली. हेडसरांची टोपी खुंटीला होती. काटा 'मे'वर आला. दुसरा एक जण जाऊन आला. टेबलावरच्या चहातून वाफ निघत होती. काटा 'मस्ट'वर गेला. तेवढ्यात खोलीच्या मागल्या बाजूने मोठ्याने घोरण्याचा आवाज आला, आणि अख्ख्या वर्गाने एका सुरात ओरडून काटा 'इज'वर नेला. हेडसर डोळे चोळत बाहेर आले आणि कोण ओरडलं म्हणून विचारू लागले, तेव्हा बाईंनाही हसू आवरेना.

'मस्ट'च्या उलट काय, असं विचारलं की दर वर्षी नवा वर्ग 'मस्ट नॉट' म्हणून मोकळा व्हायचा. "ती मनाई झाली," बाई म्हणायच्या. "शक्यता संपली हे सांगायला हा शब्द." आणि त्या काटा वरून ओढत ओढत खिळ्यापर्यंत आणायच्या. तिथे टेकला की 'टक्' असा आवाज व्हायचा. मुलांना तो आवाज फार आवडायचा. मलाही तेव्हा त्यात वावगं काही वाटत नसे.

शाळेच्या कपाटाचं कुलूप मोडकं होतं, त्यामुळे शाळा सुटली की मी बाईंबरोबर घरी यायचे. स्वयंपाकघरात, मागल्या दाराशेजारी, माझा खिळा ठरलेला होता. आणि घरी माझं काम वेगळंच होतं.

मिस्त्री जहाजावर गेला की बाई संध्याकाळी काटा 'कान्ट'वर आणायच्या. कालच गेला, आज घरी असणं शक्यच नाही. मग दिवस जायचे. जहाजाने अमुक बंदर सोडलं अशी बातमी यायची आणि काटा 'माइट'वर चढायचा. सासूबाई कामावरून आल्या की पिशवी खाली ठेवता ठेवता विचारायच्या, "काटा कुठवर आलाय?" त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, पण खाली आणि वर कळायला अक्षर कशाला लागतं? 'मे'पर्यंत आला की त्या घराची झाडलोट करायच्या, आणि 'मस्ट'वर गेला की सारखं दाराकडे बघायच्या.

'इज'वर मात्र काटा न्यायचा हक्क एकट्या मिस्त्रीचा. तो मागल्या दाराने यायचा, हातातलं सामान खाली टाकायचा आणि हात न धुताच बोटाने काटा वर ढकलायचा. त्याच्या बोटाचं काळं तेल माझ्या पांढऱ्या रंगावर उमटायचं.

"अहो, हात तरी धुवायचे," बाई दर वेळी म्हणायच्या.

"सही आहे ती माझी," तो दर वेळी म्हणायचा.

तो डाग अजून आहे माझ्यावर, टोकाला, थेट त्या शब्दाच्या डोक्यावर.

मित्रांनो, एका फेरीला तो गेला आणि काटा नेहमीसारखा चढू लागला. 'माइट', मग 'मे'. सासूबाईंनी घर झाडून लख्ख केलं. आणि मग बातम्या यायच्या थांबल्या. समुद्रात वादळ झालं होतं. जहाज कुठल्याच बंदराला लागलं नव्हतं. कंपनीचा माणूस आला, थोडी वाट पाहू म्हणाला, आणि गेला. पुन्हा आला तेव्हा तो बसायलाही तयार नव्हता. जहाजाची एक लहान होडी पाण्यावर उलटी सापडली होती. तिच्यात कोणी नव्हतं. आता शोध थांबवणार होते.

"शक्यता कमी आहे," तो म्हणाला.

"कमी म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

तो माणूस दाराकडे वळला. इतकी वर्षं मुलांना विचारलेला प्रश्न होता तो. तो गेल्यावर बाईंनी काटा 'मे'वरून 'माइट'वर आणला. त्याहून खाली त्यांचा हात गेला नाही.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं, ते मी सोडून कोणी पाहिलेलं नाही. घरात एकट्या असल्या की बाई माझ्यासमोर उभ्या राहायच्या. पुरावा जेवढा, काटा तेवढाच वर. त्यांचाच नियम तो. त्या बोट लावायच्या आणि काटा हळूहळू खिळ्यापर्यंत न्यायच्या. तिथे थोडा वेळ ठेवायच्या. मग मागच्या दाराची कडी वाजली, सासूबाई आल्या, की झटकन काटा पुन्हा 'माइट'वर नेऊन चुलीकडे वळायच्या. म्हाताऱ्या जीवाला हे बघवणार नाही, असं त्यांना वाटायचं.

आणि सासूबाई? त्या एकट्या असल्या की त्याही तेच करायच्या. काटा खाली न्यायच्या, पदराने डोळे पुसायच्या, आणि सुनेची चाहूल लागली की काटा वर. कधी कधी तर 'मे'च्याही जवळ. "काटा कुठवर आलाय?" हा प्रश्न त्या आता मोठ्याने विचारत नव्हत्या, पण येता जाता बघायच्या, आणि सुनेला दाखवून बघायच्या. शेजारणीला एकदा हळू आवाजात म्हणाल्या, "मी हरले असं दिसलं तर पोर कोलमडेल. तिचा धीर माझ्यावर आहे."

एकमेकींसाठी दोघी काटा वर ढकलत होत्या आणि दोघींपैकी कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण माझ्याकडे होते ते मोजके परके शब्द, आणि त्यांतला एकही मी स्वतः निवडू शकत नव्हते.

इतक्या वर-खाली करण्याने माझा वायसर झिजला. चामडं कोरडं पडलं, त्याला भेगा गेल्या. एकदा वर्गात बाई 'मे' शिकवत असताना काटा आपोआप घसरला आणि खिळ्यावर आपटला. मुलं हसली. त्यांना काय ठाऊक? बाई पांढऱ्या पडल्या. त्यांनी कागदाची एक घडी करून काट्यामागे खोचली आणि धडा कसाबसा पुरा केला. त्यानंतर त्यांनी मला शाळेत नेलं नाही. फळ्यावर खडूने नुसते शब्द लिहून त्या शिकवू लागल्या. मी घरीच राहिले, धूळ खात, आणि माझ्या पितळेला कधी नव्हे तो हिरवट रंग चढला.

तशात शाळा बंद होणार असं ठरलं. बंदरावरची वस्ती कमी झाली होती आणि मुलंही. हेडसर स्वतः घरी आले. समुद्रापासून लांब, आतल्या एका गावात शाळा होती, तिथे इंग्रजीला शिक्षक हवा होता. त्यांनी बाईंचं नाव सुचवलं होतं.

"ही सत्र संपेपर्यंतची गोष्ट आहे," ते दारातच उभं राहून म्हणाले. "मग आपल्या शाळेच्या फाटकाला कुलूप. इथे दुसरी नोकरी नाही, बाई. नुसत्या बसून काय करणार?"

"कशी जाऊ, सर?" बाई म्हणाल्या. "आई हे घर सोडायच्या नाहीत. मुलगा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, हेच त्यांच्या मनात आहे. त्यांना कसं तोडू इथून? माझं मी बघेन काहीतरी."

सासूबाई आत, माझ्या खाली, ताडपत्री शिवत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. हेडसर गेले, बाई आत आल्या, दोघींनी भाजीबद्दल काहीतरी बोलून घेतलं. पण सासूबाईंची सुई त्या दिवशी पुन्हा चालली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरात एकट्या होत्या. वाऱ्याने मागचं दार आपटलं, भिंत हादरली, आणि काट्यामागची कागदाची घडी सुटून खाली पडली. काटा घसरला. टक्.

सासूबाईंनी वर पाहिलं. उठून काटा वर नेला. तो घसरला. पुन्हा नेला, पुन्हा घसरला. मग त्यांनी मला भिंतीवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि काट्यामागे डोळे बारीक करून पाहिलं. चामडं त्यांच्या हाताखालचं होतं. काय झालंय ते त्यांना लगेच कळलं. शेजारच्या टोपलीत चामड्याचे तुकडे होते, आरी होती, सुरी होती. त्यांनी एक तुकडा उचलून स्क्रूशी धरून मापही घेतलं. मी मनातून हरखले, मित्रांनो. आता मी पुन्हा पहिल्यासारखी होईन, जिथे ठेवतील तिथे थांबेन, असं मला वाटलं.

त्यांनी तो तुकडा टोपलीत परत टाकला.

मला भिंतीवर लावून त्यांनी काटा 'माइट'वर नेला आणि बोटाने तसाच धरून ठेवला. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. म्हाताऱ्या माणसाचा हात, तसाच वर धरलेला. मग कडी वाजली. रोज कडी वाजली की त्या काटा वर न्यायच्या. आज त्यांनी बोट काढून घेतलं.

बाई आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"आई, काटा..."

"मी ठेवलाय तिथे."

"तुम्ही?"

"मग कोण? घरात दुसरं आहे कोण?" सासूबाईंचा आवाज करडा होता, पण त्या सुनेकडे बघत नव्हत्या. "आता वर नेऊ नकोस. दमले मी."

बाईंची नजर खाली गेली. जमिनीवर कागदाची घडी पडली होती, त्यांनीच केलेली. काटा आपोआप खाली येतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी वाकून ती घडी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

"बरं केलंत, आई," त्या म्हणाल्या.

"तो जहाजावर निघाला की काटा इथेच असायचा ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग. निघालाय तो, असं समजायचं. आता आपणही निघू."

बाईंनी त्यांना मिठी मारली आणि दोघी रडल्या. मिस्त्री गेल्यापासून त्या एकमेकींसमोर पहिल्यांदाच रडत होत्या. मी वर टांगलेली, काटा खाली पडलेला. मलाही फार रडू येत होतं, पण मला रडण्याची सोय नाही.

त्या गावात आम्ही तिघी आलो. सासूबाई घरी बसून मुलांची दप्तरं शिवायच्या. काही वर्षांनी त्याही गेल्या. त्यांनी कधी विषय काढला नाही आणि बाईंनीही कधी सांगितलं नाही की काटा आपोआप खाली येतो हे त्यांना ठाऊक होतं.

आता मी पुन्हा वर्गात असते. बाईंचे केस पांढरे झालेत, मुलं नवी आहेत, चुका मात्र जुन्याच आहेत. अजूनही सगळं 'कॅन'मध्ये उरकतात आणि बाई अजूनही पुरावा मागतात. परवा एक हुन्नरी मुलगी म्हणाली, "बाई, याचा वायसर गेलाय. मी बदलून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको गं," बाई म्हणाल्या. "असू दे तसाच."

त्या मला शिकवायला घेतात तेव्हा काटा एका बोटाने धरून ठेवतात. 'मस्ट', 'मे', 'माइट', प्रत्येक शब्दापाशी त्यांचं बोट काट्याबरोबर थांबतं. आणि खालच्या शब्दाची पाळी आली की त्या काटा ओढत नाहीत. नुसतं बोट काढून घेतात. टक् आवाज होतो, मुलं हसतात, आणि बाई क्षणभर फळ्याकडे तोंड करून उभ्या राहतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागावं अशी रीत आहे. मला पुसा, माझी पितळ घासा, मला आवडतं ते. फक्त टोकावरचा तेलाचा डाग घासू नका आणि माझा वायसर बदलू नका. बाकी माझी काळजी नसली घेतली तरी चालेल. तुमच्या घरात कोणी तुमच्यासाठी हसऱ्या तोंडाने काटा वर धरून उभं असेल, तर त्यांची घ्या. जवळ जाऊन एकदा विचारा, हात दुखत नाही का?